क्रोमांतीचा ढोल आणि आपला ऐकण्याचा हक्क

गेल्या महिन्यात आमच्या श्रवणमंडळाच्या बैठकीत जमैकातल्या मॅरून लोकांच्या संगीताचं जुनं ध्वनिमुद्रण ऐकवलं गेलं. दारात वाटलेल्या पत्रकावर ‘लुप्त होत चाललेले आदिम ताल’ असं छापलं होतं. दोन ढोल, लोखंडाच्या पात्यावर पडणारा दुसऱ्या लोखंडाचा ठणठणाट, बांबूवर काड्या आपटल्याचा कोरडा आवाज आणि त्यावर एक म्हणणारा, बाकीचे ओढणारे. रंगात येतंय असं वाटतं तोच ते संपलं. ‘पुढचं कुठंय?’ असं कोणीतरी विचारलं. पुढचं मिळत नाही, असं उत्तर आलं. क्रोमांती नावाच्या त्या रात्रभराच्या विधीतली जड गाणी बाहेरच्यांसमोर सहसा म्हटली जात नाहीत आणि मुद्रित तर त्याहून कमी झाली आहेत. यावरून जो वाद पेटला तो चहा संपला तरी संपेना. एका बाजूचं म्हणणं, कोंडलेली विद्या मरते, ती मुद्रित करून जगासाठी खुली केलीच पाहिजे. दुसरी बाजू म्हणाली, हात लावू नका, बाहेरचा वारा लागला की ती बाटेल. मला दोन्ही बाजू चुकलेल्या वाटल्या, कारण दोघीही ढोलाबद्दल बोलत होत्या आणि ढोल वाजवणाऱ्याला कोणीच विचारत नव्हतं. काय दाखवायचं, काय झाकायचं आणि कुणाला कुठपर्यंत आत घ्यायचं हे ठरवणं हा त्या वारशाचा गाभाच आहे, असं माझं मत आहे. त्याला जतनातली अडचण मानणारे ज्याचं जतन करू पाहतात तेच मोडतात.

हे लोक कोण, हे आधी नीट सांगायला हवं. रान जवळ करून मोकाट झालेल्या गुरांना स्पॅनिश लोक ‘सिमारोन’ म्हणत. पळून गेलेल्या गुलामांनाही त्यांनी तोच शब्द लावला आणि त्यातून ‘मॅरून’ आला. 1655 साली इंग्रजांनी स्पेनकडून जमैका हिसकावली त्या धामधुमीत स्पॅनिशांचे कितीतरी गुलाम डोंगरात निघून गेले. पुढे इंग्रजांच्या उसाच्या मळ्यांतून पळालेले त्यांना मिळत गेले. पूर्वेला ब्लू माउंटन्सच्या कड्यांत आणि पश्चिमेला कॉकपिट कंट्रीच्या चुनखडीच्या खळग्यांत त्यांनी वस्त्या केल्या, शेती केली आणि साम्राज्याच्या फौजेला वर्षानुवर्षं दमवलं. शेवटी 1739 साली इंग्रजांना तहाला बसावं लागलं, पश्चिमेकडच्या कजोशी मार्चमध्ये आणि पूर्वेकडच्या क्वाओशी जूनमध्ये. पूर्वेकडच्यांची पुढारी नॅनी आज जमैकाची राष्ट्रीय वीरांगना आहे, पाचशे डॉलरच्या नोटेवर तिचं चित्र आहे. त्यांच्या मूर टाऊन गावात बंप ग्रेव्ह म्हणतात तिथं तिची समाधी दाखवतात. ज्यांना माणूस म्हणून मोजतच नव्हते, त्यांच्याशी राजाच्या नावानं करार करावा लागला, ही त्या काळाच्या मानानं केवढी गोष्ट होती!

ही लढाई जेवढी बंदुकीनं झाली तेवढीच आवाजानं झाली. त्यांचं रणशिंग म्हणजे अबेंग. गाईचं शिंग घेतात. आपल्याकडे शिंग टोकाकडून फुंकतात, अबेंगला मात्र टोकापासून थोडं अलीकडे, आतल्या वळणावर एक लांबट भोक पाडलेलं असतं आणि ओठ तिथं लावतात. टोकालाही एक बारीक छिद्र असतं, त्यावर अंगठा ठेवायचा आणि उचलायचा. बस, इतकंच. दोन स्वर निघतात, एक खालचा आणि एक जरा वरचा. त्यांची लांबी आणि आडतोड बदलून या डोंगरावरून त्या डोंगरावर निरोप जात असे: फौज किती, कोणत्या वाटेनं, कोणी कुठं जमायचं. खालच्या दरीतून चालणाऱ्या गोऱ्या शिपायालाही तो आवाज लख्ख ऐकू येई, पण अर्थ लागत नसे. आवाज सगळ्यांना आणि अर्थ फक्त आपल्यांना, ही रचना त्यांच्या संगीतात पहिल्या दिवसापासून आहे. सत्ताधाऱ्यांना ती चांगली कळली होती. अमेरिकेच्या मुख्य भूमीवर आणि कॅरिबियन बेटांवरही मळेवाल्यांनी ढोल आणि शिंगांवर कायदे केले. साऊथ कॅरोलायनात 1739 चा उठाव झाला आणि पुढच्याच वर्षीच्या कायद्यानं गुलामांना ढोल वाजवायला बंदी घातली. जमैकात 1760 मध्ये टॅकी नावाच्या गुलामाच्या पुढारपणाखाली उठाव झाला, त्यानंतरच्या कायद्यानंही ढोल, शिंगं आणि ‘ओबिया’ म्हणजे त्यांची मंत्रविद्या यांवर हात टाकला.

आता क्रोमांतीकडे येऊ. आजच्या घानाच्या किनाऱ्यावर कोरमांतीन नावाचं ठाणं होतं. तिथून गलबतांत भरलेल्या माणसांना मळेवाले त्या ठाण्याच्याच नावानं ओळखत. ते नाव मॅरून लोकांनी आपल्या सर्वांत पवित्र गोष्टीला दिलं. विधीला क्रोमांती म्हणतात, आणि त्यात जी आफ्रिकी शब्दांनी भरलेली बोली पूर्वजांशी बोलताना वापरतात तीही क्रोमांतीच. त्या बोलीत घानातल्या अकान भाषेचे शब्द भरपूर आहेत. बाहेरच्याला ते ‘ओब्रोनी’ म्हणतात, घानात आजही परक्याला, गोऱ्याला हाच शब्द आहे. मूर टाऊनमध्ये ढोलांची जोडी असते. एक ढोल चाल धरून राहतो, दुसरा ती छेदत, तोडत पुढं जातो. रात्रीची सुरुवात हलक्या गाण्यांनी होते: जॉबोन, टांबू, सालिओन. ही करमणुकीची, नाचायची गाणी, परक्यालाही त्यात मज्जाव नसतो. रात्र चढते तशी गाणी जड होत जातात, पापा, मांदिंगा, इबो अशा आफ्रिकेतल्या एकेका ‘देशाची’ येतात आणि शेवटी पूर्वजांना खेचून आणणारी खरी क्रोमांती गाणी. तेव्हा फेट-मॅनच्या, म्हणजे तिथल्या जाणत्याच्या, अंगात पूर्वज येतो. त्या पूर्वजाला परक्याचा वास सहन होत नाही असं मानतात. म्हणून ओब्रोनी हजर असेल तर त्याच्यावर रम फुंकून, वनस्पती लावून त्याला आधी जपावं लागतं.

यात कडेकोट भिंत कुठं आहे? मला तर यात आपल्या जुन्या घराची रचना दिसते. ओसरीवर कोणीही टेकावं, पाणी मागावं. माजघरात ओळखीचा माणूस येतो. देवघराच्या उंबऱ्याशी मात्र घरातलं माणूस ‘हातपाय धुतलेत का?’ असं विचारतं. ओसरीवर बसलेल्या पाहुण्यानं देवघराचं दार लोटायला जावं आणि अडवलं की घरमालकाला संकुचित म्हणावं, तसं आमच्या बैठकीत झालं.

पण इथं मला थांबून विरोधी बाजूचा सर्वांत भक्कम मुद्दा मान्य केला पाहिजे, कारण तो आपल्या मातीतून आलेला आहे. ‘देवघर’ म्हटलं की मराठी माणसाच्या कानात आणखी एक आवाज घुमतो: बाहेर थांब, तू आत यायचं नाहीस. राखून ठेवलेल्या विद्येनं या प्रदेशाचं किती वाटोळं केलं हे आपल्याला कोणी सांगायला नको. गीतेचा अर्थ संस्कृतात बंद होता, तो ज्ञानदेवांनी 1290 मध्ये मराठीत आणला आणि तेव्हापासून आपली सगळी पुढची चाल ही दारं उघडण्याची चाल आहे. जोतीरावांनी 1873 साली ‘गुलामगिरी’ लिहिली ती अमेरिकेतल्या निग्रो गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या तिथल्या सदाचारी लोकांना अर्पण केली. शूद्रातिशूद्रांची गुलामी आणि त्या काळ्या माणसांची गुलामी ही एकाच जातीची आहे हे त्यांना पुण्यात बसून दिसलं होतं. मग ज्ञान लपवणाऱ्याच्या बाजूनं उभं राहणं म्हणजे जोतीरावांच्या विरुद्ध जाणं नाही का? बैठकीत एका ज्येष्ठ शिक्षिकेनं हाच प्रश्न मला विचारला. तिचं आयुष्य ज्यांच्या घरात पहिलं पुस्तक गेलं अशा मुलांना शिकवण्यात गेलं आहे, त्यामुळे तो प्रश्न मी सहज बाजूला सारू शकत नाही.

तरी तो इथं लागू पडत नाही असं मला वाटतं. लपवणं आणि लपवणं यात फरक आहे, आणि तो लपवणारा कुठं उभा आहे यावरून ठरतो. वेदाचं दार बंद करणाऱ्याच्या हाती जमीन होती, न्याय होता, राजाचा कान होता. ज्यांच्या श्रमावर तो जगत होता त्यांनाच तो शब्दापासून दूर ठेवत होता, त्यांनी वर येऊ नये म्हणून. मॅरूनच्या हाती काय होतं? त्याच्याकडे येणारा परका बंदूक घेऊन येत होता, शिकारी कुत्री घेऊन येत होता. 1795–96 च्या दुसऱ्या मॅरून युद्धात तर इंग्रजांनी खास क्यूबाहून कुत्री मागवली होती. त्याच्यापासून वाट लपवणं, औषधी पाला लपवणं, पूर्वजाला हाक मारायचा शब्द लपवणं म्हणजे गळ्यावरचा हात बाजूला करणं. एक कुलूप धान्याच्या कोठाराला असतं आणि एक कडी रात्री एकट्या बाईच्या झोपडीला आतून असते. दोन्ही सारखीच म्हणायची? आणि ती कडी आता तरी काढायला काय हरकत आहे, असं म्हणणाऱ्यांनी एवढं ध्यानात घ्यावं की जमैकात 1898 चा ओबिया कायदा अजून पुस्तकात आहे. त्यातली व्याख्या इतकी सैल आहे की मोबदला घेऊन गूढ शक्तीचा आधार घेणारा कोणीही तिच्यात ओढता येईल. ज्या राज्यानं नॅनीला नोटेवर छापलं, त्याच राज्याच्या कायद्यात तिच्यासारख्या जाणतीच्या विद्येला गुन्हा ठरवायची सोय आहे.

या माझ्या मांडणीला एक भोक आहे, आणि ते बैठकीत कोणी दाखवलं नाही म्हणून मीच दाखवतो. मॅरून फक्त गोऱ्यांपासून लपवत नव्हते. 1739 च्या तहात एक कलम होतं की यापुढे पळून आलेल्या गुलामाला परत करायचं आणि उठाव झाला तर तो मोडायला मदत करायची. ते कलम कागदावर राहिलं नाही. 1760 च्या उठावात टॅकीला मारणारी गोळी स्कॉट्स हॉलच्या मॅरूनची होती. 1865 साली, गुलामगिरी संपून तीस वर्षं होत आली असताना, मोरंट बेच्या गरीब काळ्या शेतकऱ्यांच्या उठावाचा पुढारी पॉल बोगल याला पकडून दिलं तेही मॅरून लोकांनी. बोगलला फाशी झाली. तोही आज राष्ट्रीय वीर आहे, नॅनीच्या शेजारी. मळ्यावरच्या काळ्या माणसालाही क्रोमांतीचं दार बंद होतं, तोही परकाच. तेव्हा ही सगळी दुबळ्यानं सबळापासून राखलेली गुप्तता होती असं म्हणून मोकळं होता येत नाही. जमैकात आजही अनेकांच्या मनात मॅरूनांविषयी ही सल आहे आणि ती खोटी नाही.

पण या सलीवरचा उपाय गाणी काढून घेणं हा कसा होईल? ते कलम कोणी घातलं हे पाहा. एका गुलामाचं स्वातंत्र्य दुसऱ्या गुलामाच्या बेडीवर उभं करण्याची ती साम्राज्याची जुनीच रीत होती, आणि एकाच मुलखातल्या माणसांना एकमेकांवर घालण्याची ही चाल आपण मराठ्यांनी आपल्याच इतिहासात किती वेळा भोगली आहे. ज्या गाण्यांत नॅनीचा पराक्रम आहे त्याच परंपरेत तहाच्या रक्ताच्या शपथेच्या कथाही आहेत. तो हिशेब मॅरून आणि मळ्यांवरच्या गुलामांचे वंशज यांनी आपसात मिटवायचा आहे. तो मिटवताना कोणतं गाणं कोणी कुणाला ऐकवायचं, हे दोघांनी समोरासमोर बसून ठरवायचं आहे. तिसऱ्या कोणी यंत्र लावून दोघांच्याही डोक्यावरून ते गाणं उचलून नेलं तर तो हिशेब आणखी चिघळेल.

आमच्या मंडळात संगीताची माणसं जास्त, त्यामुळे भातखंडे निघणार हे ठरलेलंच होतं. पंडित विष्णु नारायण भातखंडे देशभर हिंडले नसते, खाँसाहेबांच्या मागं लागून त्यांनी शेकडो बंदिशी मिळवल्या नसत्या, स्वरलिपीत छापल्या नसत्या, तर आज आपल्याला काय उरलं असतं? उस्ताद मुलालाही पूर्ण चीज देत नसत, अंतरा गिळून टाकत, आणि किती विद्या त्यांच्याबरोबर मातीत गेली. हे सगळं खरं आहे. मी स्वतः त्या पुस्तकांवर वाढलो आहे, भातखंड्यांचं ऋण मानतो. तरीही दाखला जुळत नाही. बंदीश मैफलीसाठीच जन्मते, ऐकणारा समोर नसेल तर ती अर्धी. उस्ताद ती लपवत होता तो दुसऱ्या गवयापासून, आपली भाकरी आणि मान टिकावा म्हणून. क्रोमांतीचं जड गाणं श्रोत्यासाठी नाहीच. ते पूर्वजाला उद्देशून आहे, आजाऱ्याला उठवण्यासाठी आहे, ऐकणारा समाज त्यात सहभागी आहे, प्रेक्षक म्हणून बसलेला नाही. ते मुद्रित करून घरी आणलं तर आपल्या हाती नेमकं काय लागतं?

या प्रश्नाला इतिहासात एक उत्तर आहे. 1688 च्या सुमारास जमैकात हान्स स्लोन नावाचा वैद्य होता. ब्रिटिश म्युझियम पुढं ज्याच्या संग्रहावर उभं राहिलं तो हाच. गुलामांच्या एका सणाला त्यानं त्यांचं गाणंवाजवणं ऐकलं आणि बाप्टिस्ट नावाच्या एका वादकाकडून ते पाश्चात्त्य स्वरलेखनात उतरवून घेतलं. 1707 मध्ये ते छापलं गेलं. त्यात तीन तुकड्यांना नावं आहेत: अंगोला, पापा, कोरोमांती. म्हणजे क्रोमांती ‘जतन’ होऊन तीनशे वर्षं उलटून गेली, कोणालाही वाचता येईल असा कागद आहे. संशोधकांना त्याचं मोल मोठं आहे, मी ते कमी लेखत नाही. पण मूर टाऊनच्या डोंगरात जे जिवंत राहिलं ते या कागदामुळे राहिलेलं नाही. कागदावर सुरांची ओळ आहे. ती कोणी, कोणत्या घटकेला, कुणाच्या अंगावर हात ठेवून म्हणायची, तिला ढोल कसा उत्तर देतो, हे त्यात नाही आणि असूही शकत नव्हतं, कारण सांगणाऱ्यानं ते सांगितलं नसणारच.

आता दुसऱ्या बाजूकडे, ‘बाटेल’ म्हणणाऱ्यांकडे. त्यांच्याबद्दल मी थोडक्यात बोलेन, पण मला त्यांची काळजी जास्त वाटते, कारण ती बाजू प्रेमाच्या भाषेत बोलते. मॅरून संगीत कधीच काचेच्या पेटीत नव्हतं. पश्चिमेकडच्या मॅरूनांचं गुंबे हे ढोलवाद्य घ्या. ते गोल नसतंच. चौकोनी लाकडी चौकट, चार पाय, वर बकऱ्याचं कातडं, लांबून पाहिलं तर बसायचं स्टूल वाटावं. दुसऱ्या मॅरून युद्धानंतर ट्रेलॉनी टाऊनच्या पाचशेहून जास्त मॅरूनांना इंग्रजांनी दगा देऊन 1796 मध्ये जहाजात घातलं आणि कॅनडातल्या नोव्हा स्कोशियाच्या बर्फात नेऊन टाकलं. तिथून 1800 साली ते सिएरा लिओनला गेले, आणि त्यांच्याबरोबर गुंबेही आफ्रिकेत गेलं. तिथं ते फ्रीटाऊनच्या गल्ल्यांत रुजलं, किनाऱ्या-किनाऱ्यानं पसरलं, घानापर्यंत पोचलं. आफ्रिकेतून आलेल्या माणसांनी जमैकात घडवलेलं वाद्य आफ्रिकेला परत गेलं आणि तिथलं होऊन गेलं. यातलं शुद्ध काय आणि बाटलेलं काय, सांगता येईल कोणाला? आज चार्ल्स टाऊनच्या मॅरूनांनी स्वतःचं छोटं संग्रहालय उभारलं आहे. दर 23 जूनला ते क्वाओचा दिवस साजरा करतात, पाहुण्यांसमोर ढोल वाजवतात. हीदेखील त्यांचीच निवड आहे. ‘अरे, हे पर्यटकांसाठी करता?’ असं म्हणून नाक मुरडणारा माणूसही त्यांचं दार आपल्याच हातानं बंद करू पाहतो.

दार कसं उघडतं याच्या दोन गोष्टी मला फार आवडतात. 1935 मध्ये कॅथरिन डनहॅम ही कृष्णवर्णीय अमेरिकन नर्तकी आणि मानवशास्त्राची विद्यार्थिनी पश्चिमेकडच्या मॅरूनांच्या अकॉम्पाँग गावी गेली. जवळजवळ महिनाभर राहिली. तिला क्रोमांतीचं युद्धनृत्य पाहायचं होतं. आज नाही उद्या, असं होत राहिलं. मुक्काम संपत आला तेव्हा कुठं ते तिच्या वाट्याला आलं. पुढच्या वर्षी लेखिका झोरा नील हर्स्टन तिथं गेली. मॅरूनांचा प्रमुख, त्याला कर्नल म्हणतात, तिच्यासाठी नाच ठेवायला तयार होता. तिनं नको म्हटलं, कारण पाहुणीसाठी मांडलेला नाच तिला पाहायचा नव्हता. एकीनं वाट पाहिली, दुसरीनं मागितलंच नाही. पुढं 1970 च्या दशकाच्या अखेरीस केनेथ बिल्बी या संशोधकानं मूर टाऊनमध्ये मुक्काम ठोकून क्रोमांतीवर जे काम केलं, त्यातही राखून ठेवणं हा मॅरून असण्याचाच भाग आहे हे त्यानं ठळकपणे मांडलं. म्हणजे मुद्रण आणि आदर यांचं वैर नाही. वैर आहे ते मला आत्ता, पूर्ण आणि फुकट हवं, या हट्टाशी.

दक्षिण अमेरिकेतल्या सूरिनामच्या मॅरूनांकडे हेच आणखी स्पष्ट दिसतं. तिथं न्द्युकांनी 1760 मध्ये आणि सारामाकांनी 1762 मध्ये डच सत्तेकडून तह मिळवले. सारामाकांच्या पंचायतीत अपिंती नावाचा ढोल बोलतो. नुसता वाजत नाही, बोलतो. सभा भरवतो, देवांना आणि वडीलधाऱ्यांना नावानं पुकारतो, म्हणी सांगतो, आणि ज्याला ती ढोलभाषा येते त्यालाच त्या कळतात. लढाईच्या ‘पहिल्या काळा’बद्दलचं ज्ञान तिथं एका माणसाकडे कधीच पूर्ण नसतं, कोणी ते एका बैठकीत पूर्ण सांगतही नाही. तरुणानं पहाटे आजोबांपाशी बसावं, तुकडा तुकडा घ्यावा, दुसऱ्या कुळातल्या म्हाताऱ्याकडून दुसरा तुकडा मिळवावा. अशा ज्ञानाची अखंड फाइल करून ठेवली तर शिकण्याची जी वर्षं त्यात होती ती कुठं जातील?

आणि जतनाची एवढी कळकळ असणाऱ्यांना मला एक विचारायचं आहे. मूर टाऊनचा वारसा युनेस्कोनं 2003 मध्ये गौरवला, 2008 मध्ये मानवजातीच्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतला. ब्लू अँड जॉन क्रो माउंटन्स 2015 मध्ये जागतिक वारसा झाले. चांगलंच झालं. पण अकॉम्पाँगच्या लोकांनी 1739 च्या तहाच्या आधारानं आपल्या जमिनीवर स्वायत्ततेचा दावा केला तेव्हा जानेवारी 2022 मध्ये जमैकाच्या पंतप्रधानांनी अशा सार्वभौमत्वाला जागा नाही आणि असा दावा करणाऱ्यांना सरकारी पैसा नाही, असं बजावलं. कॉकपिट कंट्रीच्या कडेला बॉक्साइटच्या खाणींचा वाद कधीचा धुमसतो आहे. सूरिनाममध्ये ॲल्युमिनियमच्या कारखान्याला वीज हवी म्हणून 1960 च्या दशकात अफोबाकाचं धरण झालं. सारामाकांचा निम्मा मुलूख पाण्याखाली गेला, सुमारे सहा हजार माणसं उठवली गेली. पुढं त्यांना आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात जावं लागलं आणि 28 नोव्हेंबर 2007 ला न्यायालयानं त्यांचा सामूहिक जमीनहक्क मान्य केला. धरणात गावं बुडाली तेव्हा त्यांच्याबरोबर समाध्या बुडाल्या, ज्या झाडाखाली अपिंती बोलत असे ती झाडं बुडाली. कोयनेच्या काठचा माणूस हे मला समजावून सांगायला नको म्हणेल. गाणं वाचवा आणि जमीन जाऊ द्या, असा सौदा ज्यांना जमतो त्यांना गाणं म्हणजे काय वाटतं?

तरीही वयाचा प्रश्न उरतो, तो टाळून चालणार नाही. क्रोमांती आता रोजच्या बोलण्यात नाही. मुलं किंग्स्टनला जातात, परदेशी जातात. फेट-मॅन म्हातारे होतात. एक जाणता गेला की त्याच्याबरोबर गाणी जातात हे दुःख खरं आहे. मग मुद्रण करावं? करावं, पण ते करणारा हात कोणाचा आणि पेटीची किल्ली कोणाकडे, हे आधी ठरावं. गावातल्याच मुलानं आजोबांचा आवाज टिपावा. तो कोणी, कोणत्या वयात, कोणाच्या परवानगीनं ऐकायचा याचा नियम गावानं करावा. त्यातलं काही जाणता माणूस आपल्याबरोबर न्यायचं म्हणाला, तर तेही त्याचं आहे. आपल्याला हे ऐकायला जड जातं, कारण हरवलेलं सगळं आपलंच हरवतं असं आपण धरून चालतो.

जमैका लांब आहे, पण हा प्रश्न लांबचा नाही. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गोव्यात गुलाम आणले. त्यांतले कित्येक पळाले आणि सह्याद्रीच्या रानात उतरले. यल्लापूर, हल्याळच्या जंगलातले सिद्दी त्यांचेच वंशज. जंजिऱ्याच्या सिद्दींचा किल्ला आपल्या पाठ्यपुस्तकात आहे, हे रानात पळालेले सिद्दी मात्र कुठंच नाहीत, आणि खरे मॅरून हेच. त्यांच्या बोलण्यात कोकणी आहे, मराठी शब्द आहेत, त्यांच्या हातात दमाम हा मोठा दोनतोंडी ढोल आहे. 2003 साली उत्तर कन्नडातल्या सिद्दींना अनुसूचित जमातीचा दर्जा मिळाला. तिकडे गुजरातेत गीरचा सिंह पाहायला गेलेल्या पर्यटकांना रात्री ‘सिद्दी धमाल’ म्हणजे सिद्दींचा नाच दाखवतात. ती मुळात बावा गोर पिराच्या दर्ग्यातली भक्ती आहे. हॉटेलच्या हिरवळीवर ती कशी दिसते हे मी पाहिलं आहे. पानांचा घागरा, तोंडावर रंगाचे पट्टे, शेवटी डोक्यानं फोडलेला नारळ आणि टाळ्या. वाजवणारे मन लावून वाजवत होते. आपण काय मागितलं म्हणून त्यांनी ते तसं दिलं, याचा विचार मला तेव्हा सुचला नव्हता.

आमच्या मंडळाला या हिवाळ्यात यल्लापूरकडच्या दमाम वाजवणाऱ्यांना बोलवायचं आहे. पत्राचा मसुदा माझ्याकडे आला, त्यात ‘पारंपरिक वेशभूषेत, दीड तासाचा कार्यक्रम, चित्रीकरणासह’ असं होतं. ती ओळ मी खोडली. तिच्या जागी लिहिलं आहे की कोणते ताल बाहेर वाजवायचे आणि कोणते नाहीत हे तुम्ही सांगा, मुद्रण करू द्यायचं की नाही तेही तुम्हीच ठरवा, आणि आधी आमच्यापैकी दोघं तुमच्याकडे येऊन भेटले तर चालेल का ते कळवा. मंडळाच्या सभेत यावर अजून चर्चा व्हायची आहे.